मार खाण्याला सब्र म्हणू नका

मुस्लिम स्त्रीच्या नावाने या देशात गेली चाळीस वर्षे जेवढी भाषणे झाली तेवढी दुसऱ्या कुणाच्या नावाने क्वचितच झाली असतील. १९८५ साली शाहबानो खटल्याचा निकाल लागला तेव्हा झाली. १९८६ साली संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला तेव्हा झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला तेव्हा झाली, आणि २०१९ साली तसा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली तेव्हा तर विचारूच नका. एका बाजूला शरीअत बचावचे फलक, दुसऱ्या बाजूला मुस्लिम भगिनींसाठी आलेला कळवळ्याचा पूर. मधे ती बाई. तिला कुणी विचारले नाही की बाई गं, तलाकचा शब्द तोंडातून काढण्याच्या आधी दहा-बारा वर्षे हा माणूस तुझ्याशी कसा वागत होता?

आमची तक्रार ही आहे. आमच्या समाजात तलाकवर परिषदा झाल्या, पुस्तके निघाली, मोर्चे निघाले; मारहाणीवर साधी एक जुम्याची तकरीर ऐकल्याचे आम्हाला आठवत नाही. तलाक मिळालेली बाई निदान दिसते. मार खाऊन नांदणारी दिसत नाही, कारण ती नांदते आहे आणि नांदणारी बाई सुखीच असते असे आपण धरून चालतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षिका. नोकरीच्या निमित्ताने कोकणातल्या खाडीकाठची बरीच गावे आमच्या पायाखालून गेली आहेत. शिक्षिकेला घरातल्या गोष्टी न विचारता कळतात. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर असतो, पण त्यासाठी पेपर लिहावा लागत नाही. पहिलीतल्या मुलाजवळ जाऊन आपण फळा पुसायला हात वर केला आणि त्याने दोन्ही हातांनी डोके झाकले, की समजायचे. सातवीतली मुलगी पालकसभेची चिठ्ठी घरी देतच नाही. एखादे मूल मधेच तीन आठवडे गायब होते आणि परत आल्यावर सांगते, अम्मीबरोबर नानीकडे होतो. हजेरीपटावर आम्ही गैरहजेरी मांडतो. कारण लिहायला त्यात रकाना नाही. त्याची आई शाळेत येते तेव्हा बुरख्याची बाही बोटांपर्यंत ओढून घेते. विचारले तर म्हणते, "आपा, पायरीवरून पडले." आमच्या गावांतल्या पायऱ्या इतक्या निसरड्या आहेत हे आम्हाला या बायकांकडूनच कळले.

हा रोग एकट्या मुसलमानांचा आहे असे म्हणणाऱ्यांनी आपले हात आधी पाहावेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी शेकडा २९ जणींनी नवऱ्याच्या हातून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा २५ च्या आसपास आहे. हे सर्व धर्मांचे मिळून. याच पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या निघाल्या शंभरात १४. आणि तीनचतुर्थांशाहून अधिक जणींनी ना मदत मागितली, ना कुणाजवळ तोंड उघडले. पण शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे म्हणून आपल्या घरातली विझवायची नाही, असा हिशेब आमच्या डोक्यात बसत नाही.

आता या बाईने दाद मागायची कुठे? पहिला दरवाजा माहेरचा. तिथे अम्मी म्हणते, बेटा सब्र कर, मुलांकडे बघ, मीही काढलेच ना दिवस. दुसरा दरवाजा जमातीचा. जमातीने कोकणात पुष्कळ चांगली कामे केली आहेत. मेहरची रक्कम, अंगावरचे दागिने वसूल करून दिले आहेत, विधवांना वर्गणी काढून घरे बांधून दिली आहेत. ते नाकारण्याइतक्या आम्ही कृतघ्न नाही. पण मारहाणीचा मामला जमातीपुढे आला की काय होते ते पाहा. बैठकीला नवरा स्वतः हजर असतो. बाई नसते. तिच्या वतीने बाप किंवा भाऊ बसतो, आणि तो जे बोलतो ते तिने सांगितलेल्याच्या निम्मे असते, कारण उरलेले निम्मे पुरुषांच्या बैठकीत बोलता येत नाही. मग समझोत्याचा कागद होतो. नवऱ्याने लिहून द्यायचे की यापुढे हात उचलणार नाही. बाईने लिहून द्यायचे की यापुढे उलटून बोलणार नाही. एका पारड्यात मोडलेले मनगट आणि दुसऱ्या पारड्यात उलट बोलणे, आणि तराजू म्हणे बरोबर! त्याने पुन्हा हात उचलला तर पुढे काय, हे त्या कागदात नसते. पुढे दुसरी बैठक आणि दुसरा कागद.

यावर उत्तर येते ते दीनचे. ज्यांना दीनमधले दुसरे काही पाठ नसते त्यांनाही सूरह निसाची चौतिसावी आयत पाठ असते, तीही अर्धी. त्या आयतीवर तेराशे-चौदाशे वर्षे आलिमांनी काय काय अटी सांगितल्या, याची चौकशी मारणारा करत नाही. चेहऱ्यावर नाही, अंगावर खूण उमटता कामा नये, दुखापत तर नाहीच, असे जुन्या फकीहांनी बजावून ठेवले. मक्केचे अता इब्न अबी रबाह हे ताबिईंमधले मोठे फकीह. त्यांनी तर नवऱ्याने रागावावे पण मारू नये असे मत दिले. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या हातांनी कधी कुठल्या बाईला वा नोकराला मारले नाही, ही हजरत आयेशा (र.) यांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणाऱ्यांना ही सुन्नत कशी दिसत नाही, हे आम्हाला कोडेच आहे.

पण आम्हाला खरा मुद्दा वेगळाच मांडायचा आहे. 'घरची गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये' हे जे वाक्य दीनच्या नावाने बायकांना ऐकवले जाते ते दीनमध्ये आहे कुठे? अबू दाऊदच्या हदीससंग्रहात हबीबा बिन्ते सहल (र.) यांची हकीकत आहे. त्या साबित इब्न कैस यांच्या पत्नी. नवऱ्याने मारले, हाड मोडेपर्यंत मारले. त्या पहाटेच्या नमाजनंतर तडक प्रेषितांकडे (स.) आल्या आणि फिर्याद केली. त्यांना कुणी सब्र शिकवला नाही, माहेरच्या पुरुषाला घेऊन ये असे म्हटले नाही. साबितना बोलावणे गेले आणि त्याच वेळी खुलाचा निर्णय झाला. दुसरी हकीकत खौला बिन्ते सालबा (र.) यांची. नवऱ्याने 'तू मला आईसारखी' असे म्हणून त्यांना ना धड बायको ठेवले ना धड मोकळे केले. त्या मदिनेत तक्रार घेऊन गेल्या, वाद घातला, आणि त्यांच्या तक्रारीवर कुरआनची अठ्ठावन्नावी सूरह उतरली. तिचे नावच मुजादला, म्हणजे वाद घालणारी. मदिनेत प्रेषित (स.) हे दीनचे रहबर होते तसे राज्याचे प्रमुखही होते. म्हणजे पहिल्या पिढीतल्या मुस्लिम बायका घरातला जुलूम घेऊन थेट राज्याच्या दारात गेल्या आणि राज्याने दार उघडले. आज तीच गोष्ट एखादी बाई तालुक्याच्या कोर्टात जाऊन करते तेव्हा ती बेशरम कशी होते?

गेल्या शतकातले ट्युनिशियाचे मोठे मुफस्सिर इब्न आशूर यांनी याच आयतीच्या तफसीरमध्ये लिहून ठेवले आहे की, नवरे मर्यादा पाळत नाहीत असे दिसले तर राज्यकर्त्याने मारण्यावर बंदी घालावी आणि मोडणाऱ्याला शिक्षा करावी. मुस्लिम देशांनी हे केलेही. मलेशियाने १९९४ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा केला, इंडोनेशियाने २००४ साली, बांगलादेशने २०१० साली. आमच्या गावांतले पुरुष जिथे कमवायला जातात त्या सौदी अरबस्ताननेही २०१३ साली केला. तिथे तो कायदा मुकाट्याने पाळणारा माणूस सुट्टीवर गावी आला की त्याला इथल्या कायद्यात शरीअतीवरचे संकट दिसते.

इथला कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, म्हणजे त्याच्या वयाची मुलगी आता लग्नाची झाली. तरी आमच्या मोहल्ल्यांत दहा बायकांना विचारा, नऊ जणींना तो ठाऊक नसतो आणि दहावीला वाटते की तो हिंदू बायकांसाठी आहे. म्हणून थोडे खोलात जाऊन सांगतो.

हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. तो निकाहला हात लावत नाही, तलाकला लावत नाही, मेहर-इद्दतला लावत नाही. तो विचारतो एवढेच की एका घरात, नात्याने राहणाऱ्या बाईवर जुलूम झाला काय. जुलूम म्हणजे नुसता मार असे तो मानत नाही. जबरदस्तीचा संबंध, मुलगी झाली म्हणून टोमणे, शिवीगाळ, घरखर्चाला पैसे न देणे, तिचे दागिने परस्पर गहाण टाकणे, हे सगळे त्यात येते. फिर्याद फक्त नवऱ्यावर करता येते असेही नाही. सासरा, दीर येतात. आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकल्यापासून सासू-नणंदही येतात. कोकणातल्या बाईला याचे मोल अधिक आहे. तिचा नवरा दोन-दोन वर्षे आखातात. पैसे येतात ते सासऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यावर. तिला साबणाची वडीसुद्धा मागून घ्यावी लागते आणि मागितली की फोनवर नवऱ्याचे कान भरले जातात. मारणारा हात समुद्रापलीकडे असला तरी मार चालूच असतो. आखातातल्या कंपनीपर्यंत इथल्या न्यायाधीशाचा हात सहजी पोचत नाही हे खरे, पण घर इथेच आहे, बँक इथेच आहे, दागिने इथेच आहेत. आणि ती मालमत्ता परस्पर विकू नका असा आदेश तो देऊ शकतो.

आणि घर. या कायद्याचा प्राण घरात आहे. आमच्या बाईची सर्वांत मोठी भीती माराची नसते. 'निघ माझ्या घरातून' या तीन शब्दांची असते. रात्री अकराला दोन मुलांना घेऊन ती जाणार कुठे? माहेरी भावजयीचे राज्य. हा कायदा म्हणतो की ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. गरज पडली तर मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. यात एक मोठी पळवाट होती. २००६ च्या एका निकालाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर यातून वगळले होते, आणि आमच्याकडे घर बहुधा वडिलांच्याच नावावर असते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. ही बातमी आमच्या एकाही मोहल्ल्यात मिठाई वाटून साजरी झाली नाही. व्हायला हवी होती.

तिसरी भीती असते, आता तलाक झाला, आता काय उपयोग? २०१४ साली मुंबईच्या एका मुस्लिम महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संसार चालू असताना झालेल्या हिंसेबद्दल दाद मागण्याचा तिचा हक्क नंतरच्या घटस्फोटाने संपत नाही. अर्ज सासरच्या गावी जाऊन करावा लागत नाही. ती जिथे आसऱ्याला आहे तिथल्या कोर्टात चालतो. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न किती हे न पाहता, मोफत वकील मिळतो.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येऊ. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. बायका आम्हाला म्हणतात, आपा, पोलिसांकडे कसे जायचे? आजच्या दिवसांत मुसलमान पुरुषाला पोलिसांच्या हाती आपण होऊन द्यायचे? उद्या त्याच्यावर दुसरेच कलम लागले तर? या भीतीला कारण आहे. मोहल्ल्याने काय काय पाहिले ते आम्ही इथे उगाळत बसत नाही. पण नेमक्या याच कारणासाठी हा कायदा समजून घ्यायला हवा. तीन तलाकचा २०१९ चा कायदा सुरुवातच तुरुंगापासून करतो. नवरा आत गेला की चूल बंद, सासर पेटलेले आणि बाई रस्त्यावर. १९८३ पासून चालत आलेले ४९८-अ हे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत ८५ वे झाले आहे, तेही फौजदारीच. २००५ च्या कायद्याची चाल निराळी आहे. अर्ज केला म्हणून कुणाला बेड्या पडत नाहीत. मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला एवढे दे, मुले आईजवळ राहू दे, असे आदेश होतात. त्याने आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुरुंगाची किल्ली नवऱ्याच्याच हातात ठेवली आहे; न मारणाऱ्याला त्यापासून काडीचे भय नाही. ज्यांना आपली पोरे कोठडीत जाऊ नयेत असे खरोखर वाटते त्या जमातींनी तर हा कायदा डोक्यावर घ्यायला हवा होता. हा दरवाजा बंद ठेवल्यामुळेच बाई शेवटी जीव मुठीत धरून ठाण्यावर जाते, आणि तिथे मग फौजदारीशिवाय दुसरा कागद नसतो.

सरकारलाही आम्ही सोडणार नाही. कायद्यात लिहिले आहे की अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. ज्या बायकांबरोबर आम्ही कोर्टाच्या बाकावर बसलो आहोत त्यांना हे वाचून दाखवले तर त्या हसतील. ज्या संरक्षण अधिकाऱ्यावर हा सारा डोलारा उभा, ज्याने घटनेचा अहवाल लिहून कोर्टात द्यायचा, त्याच्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम दुसऱ्या कामाच्या जोडीला दिलेले. कायदा लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले, यावरूनच काय ते ओळखा. मुस्लिम भगिनींसाठी रात्री जागून कायदा करणाऱ्यांनी त्या भगिनींसाठी तालुक्याला एक पूर्ण वेळ अधिकारी आणि एक धड आसरागृह दिले असते तर आम्ही त्यांच्या कळवळ्यावर विश्वास ठेवला असता. काम करायचे मनात असले की होते, याचे दाखले याच महाराष्ट्रात आहेत. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष उघडला, तो पुढे राज्यभर गेला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. तिथे 'पायरीवरून पडले' म्हणणाऱ्या बाईला पुन्हा एकदा, एकटीला, विचारले जाते. १८१ हा फोन नंबर आहे, सखी केंद्रे आहेत. पण ही सगळी शहरांच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणांची गोष्ट झाली. खाडीपलीकडच्या गावातून जिल्ह्याला जायला होडी, मग एस.टी., मग दिवसभराची मजुरी बुडणार आणि संध्याकाळी घरी उत्तर द्यावे लागणार. सरकारच्या नकाशावर ही बाई नाही.

सुधारकांनाही दोन शब्द. १९६६ साली हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मंत्रालयावर नेला, त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यानंतर समान नागरी कायद्याच्या बाजूने आणि विरोधात पन्नास-साठ वर्षे जी शाई सांडली तिच्यातून मार खाणाऱ्या बाईला चार ओळीही आल्या नाहीत. दोन्ही बाजूंना मुस्लिम स्त्री हवी होती ती पुरावा म्हणून.

जमातीच्या बुजुर्गांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. बैठक घ्या, जरूर घ्या. पण बाईला समोर बसवा आणि तिच्यासोबत दोन बायका बसवा. तिच्या तोंडाने ऐका. कागद करायचा तर 'उलटून बोलणार नाही' ही ओळ त्यात येता कामा नये. पुन्हा हात उचलला गेला तर दुसरी बैठक घेऊ नका. त्या दिवशी जमातीच्या दोन माणसांनी त्या बाईला घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचे, आणि पहिल्या कागदाची नक्कल सोबत द्यायची. निकाहच्या वेळी नवरदेवाला मेहरचा आकडा तीनदा ऐकवता, तिथेच मारहाण झाली तर बाईला स्वतःहून वेगळे होण्याचा अधिकार राहील अशी अट निकाहनाम्यात घालायला शरीअतीची मनाई नाही. तलाक-ए-तफवीज हनफी-शाफई दोघांनाही ठाऊक आहे. शिवाय १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा मारझोडीवरून फस्ख मागण्याचा हक्क देतो आणि तो उलेमांच्याच पुढाकाराने झालेला कायदा आहे, हे नव्या पिढीच्या किती इमामांना माहीत आहे कोण जाणे.

आम्ही आमच्या बाजूने दहावीच्या मुलींना नागरिकशास्त्राच्या तासाला हा कायदा शिकवतो. पुस्तकात दोन ओळी असल्या तरी तास पूर्ण घेतो. एका पालकाने येऊन विचारले, "आपा, पोरींना आत्तापासून घर मोडायला शिकवता काय?" आम्ही त्यांना संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि सांगितले, हा घरी तुमच्या मुलीच्या वहीत ठेवा. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांची बहीण शाळेत आली, आणि तो पत्ता नक्की कोणत्या रस्त्याला आहे ते विचारून गेली.